खिडकीतले ऊन आणि सरकारी सवलत

प्रास्ताविक

वर्तमानपत्रातील जाहिराती, वीजबिलामागचा मजकूर, दुकानदाराने हाती दिलेली पत्रके यांत ‘सूट’, ‘सवलत’, ‘अनुदान’, ‘परतावा’ हे शब्द तुम्ही वारंवार वाचले असतील. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. व्यवहारात मात्र प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि त्या अर्थावर घरातील हजारो रुपये अवलंबून असतात. प्रस्तुत पाठात एका साध्या वस्तूच्या, म्हणजे घराच्या खिडकीच्या निमित्ताने आपण हे शब्द नीट समजून घेणार आहोत. हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला सवलतीच्या निरनिराळ्या प्रकारांतील फरक सांगता येईल, खिडकीतून घरात येणाऱ्या उष्णतेचा ढोबळ हिशेब मांडता येईल आणि एखाद्या योजनेचे पत्रक वाचून नेमके प्रश्न विचारता येतील.

रायपूरचे ऊन

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या मध्यापासून काही काळ, हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे येथे मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. शहरातील तात्यापारा या भागाच्या नावातच मराठी कानाला ओळखीचा शब्द ऐकू येतो. विदर्भातून आलेल्या माणसाला येथील उन्हाळाही ओळखीचाच वाटतो. मे महिन्यात पारा अनेकदा ४४ अंशांच्या पुढे जातो. सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हापासूनचे, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे, नऊ दिवस ‘नवतपा’ म्हणून ओळखले जातात आणि त्या दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात.

जुन्या मातीच्या घरांच्या भिंती जाड, छप्पर कौलारू आणि खिडक्या लहान असत. दुपारी खिडकीची लाकडी झडप लावली की खोलीत अंधार होई, पण गारवाही राही. आता विटा-सिमेंटच्या घरांत मोठ्या काचेच्या सरकत्या खिडक्या आल्या. उजेड वाढला आणि त्याबरोबर ऊनही आत आले.

काच सूर्यप्रकाशाला जवळजवळ अडवतच नाही. साध्या पारदर्शक काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के भाग आत येतो. आतील फरशी, पलंग, कपाट तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतात. ही उष्णता मात्र वेगळ्या प्रकारच्या किरणांची असते. ती काचेतून परत बाहेर पडत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बसताना जो अनुभव येतो, त्याचे कारण हेच. म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूला लावलेला जाड पडदा डोळ्यांना सुखावतो, तरी उष्णतेच्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादित असतो. ऊन काच ओलांडून आत आल्यावर पडदा त्याला भेटतो. तोच पडदा काचेच्या बाहेर असेल तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.

कोणत्या दिशेची खिडकी जास्त त्रास देते, हेही पाहण्याजोगे आहे. रायपूर सुमारे सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यानंतर काही आठवडे तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि जुलैच्या मध्याला पुन्हा डोक्यावर येतो. म्हणजेच ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळजवळ येतच नाही. दीड-दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे थंडीत त्याच खिडकीतून हवेहवेसे ऊन आत येते. खरी अडचण पश्चिमेच्या खिडकीची. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो, त्याचे किरण छज्ज्याखालून आडवे आत शिरतात आणि दिवसभर तापलेल्या घरात आणखी भर घालतात. छज्जा कितीही सुबक असला तरी येथे तो कामाचा नाही. येथे उभा आडोसा लागतो : चिकाचा पडदा, बाहेरची झडप, मांडवावर चढवलेली वेल किंवा एखादे झाड.

पाठगत प्रश्न : (१) खिडकीच्या आतील पडद्यापेक्षा बाहेरील पडदा अधिक उपयोगी का? (२) तुमच्या घराची कोणती खिडकी संध्याकाळी चार वाजता उन्हात असते?

शब्द आणि पैसा

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून कधी कधी ऐकू येते, की तिकडे घराच्या खिडक्या बदलल्या तर सरकार करात सूट देते. ही गोष्ट खरी होती. अमेरिकेत २००५च्या ऊर्जा कायद्याने अशी सूट देऊ केली. पुढे २०२२च्या कायद्याने ती वाढवली : २०२३ ते २०२५ या वर्षांत ठरावीक दर्जाच्या खिडक्या बसवणाऱ्या घरमालकाला खर्चाच्या ३० टक्के, पण खिडक्यांसाठी वर्षाला जास्तीत जास्त ६०० डॉलर, इतकी रक्कम आपल्या आयकरातून थेट वजा करता येत असे. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्याने ही सोय ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपवली.

‘आयकरातून थेट वजा’ या शब्दांकडे लक्ष द्या. अशा सोयीला मराठीत अजून एकच रूढ शब्द नाही. या पाठापुरते आपण तिला ‘थेट करसूट’ म्हणू. तिच्या शेजारी ‘वजावट’ हा शब्द ठेवून पाहा. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. समजा, एखाद्याच्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर २० टक्के कर लागतो. त्याला १०,००० रुपयांची वजावट मिळाली तर त्याचा कर २,००० रुपयांनी कमी होतो. तीच १०,००० रुपयांची थेट करसूट असती, तर कर पूर्ण १०,००० रुपयांनी कमी झाला असता. आकडा एकच, पण हातात पडणारी रक्कम पाचपट वेगळी. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे. ज्याला करच भरावा लागत नाही, त्याला यांतून बहुधा काहीही मिळत नाही. अमेरिकेतील खिडक्यांची सूटही अशीच होती. कर देणे नसेल तर सरकार रोख रक्कम देत नसे.

‘अनुदान’ वेगळे. कर भरणारा असो वा नसो, अटी पूर्ण करणाऱ्याला सरकार ठरावीक रक्कम देते. ‘परतावा’ म्हणजे आधी आपल्या खिशातून द्यायचे आणि नंतर परत मिळवायचे. अनेक अनुदाने प्रत्यक्षात परताव्याच्या रूपाने मिळतात, म्हणून पूर्ण रकमेची सोय आधी करावी लागते. आणि ‘सूट’ हा शब्द तर दुकानदारही वापरतो. त्याने किंमत वाढवून लिहिली आणि मग कमी केली, तर तीही सूटच. तिचा सरकारशी काही संबंध नसतो.

रायपूरमध्ये राहणाऱ्या वाचकाला आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. येथील कागदपत्रे हिंदीत असतात आणि हिंदीतला ‘छूट’ हा एकच शब्द करमाफी, करसूट आणि दुकानातील सवलत या सर्वांसाठी सर्रास वापरला जातो. मराठीतील ‘वजावट’साठी हिंदी कागदांत ‘कटौती’ हा शब्द दिसतो; आपल्याकडे मात्र ‘कपात’ म्हटले की पगारातील किंवा पाण्यातील कपात डोळ्यांसमोर येते. शब्द ओळखीचा वाटला, तरी त्यामागील अर्थ विचारून घेणे बरे.

आपल्याकडे खिडकीला काय मिळते?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर जवळजवळ काही नाही. घरातील खिडक्या बदलल्याबद्दल भारतीय आयकरात थेट करसूट नाही. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले, तर त्या कर्जाच्या व्याजाची वजावट १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २४नुसार मिळत आली आहे. स्वतः राहत असलेल्या घरासाठी तिची मर्यादा वर्षाला ३०,००० रुपये आहे आणि ती जुनी कररचना निवडणाऱ्यालाच मिळते. (नव्या आयकर कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६पासूनची असल्याने कलमांचे क्रमांक आता वेगळे झाले आहेत, जुन्या पुस्तकातील क्रमांक पाहून गोंधळू नये.) समजा, खिडक्यांसाठी ५०,००० रुपये कर्ज घेतले आणि वर्षाचे व्याज ६,००० रुपये झाले. २० टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून सुमारे १,२०० रुपये वाचतील. व्याजाचे उरलेले ४,८०० रुपये गेलेच. करात बचत व्हावी एवढ्यासाठी कर्ज काढणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

आणि हेदेखील कर भरणाऱ्यांपुरते. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या कररचनेत १२ लाख रुपयांपर्यंत नेहमीचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीला सवलतीमुळे आयकर द्यावाच लागत नाही. शिलाई करणारी बाई, रिक्षाचालक, किराणा दुकानातील कामगार यांच्यासाठी ‘करात बचत’ हे शब्द जाहिरातीची शोभा वाढवतात, इतकेच.

महाराष्ट्रात काही महानगरपालिका मिळकतकरात सूट देतात. पुणे महानगरपालिकेने सौर यंत्रणा, पावसाचे पाणी साठवणे आणि गांडूळखत यांपैकी एक व्यवस्था असलेल्या निवासी मिळकतींना ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के सूट देण्याची पद्धत अवलंबिली. व्यवस्था प्रत्यक्ष चालू असली पाहिजे, ही तिची अट. या यादीतही खिडकी नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली. तीत खिडकीचा विचार बारकाईने केला आहे : काच कोणती, खिडकी कोणत्या दिशेला, तिच्यावर सावली किती, तिचा किती भाग उघडतो. परंतु ही संहिता मुख्यतः नव्या आणि मोठ्या बांधकामांसाठी आहे. जुन्या घराच्या खिडकीसाठी ती कोणाला पैसे देत नाही.

याउलट छतावरच्या सौर पटलांसाठी भरघोस अनुदान आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजने’त केंद्र सरकार १ किलोवॅटसाठी ३०,०००, २ किलोवॅटसाठी ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपये देते. जून २०२५मध्ये छत्तीसगड शासनाने स्वतःची भर घालण्याचे ठरवले : १ किलोवॅटला १५,००० आणि २ किलोवॅट किंवा अधिक असल्यास ३०,०००. अशा रीतीने ३ किलोवॅटच्या यंत्रणेला एकूण १,०८,००० रुपये होतात. अनुदानाची रक्कम यंत्रणा बसून तिची तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे अनुदान, पण परताव्याच्या वाटेने. शिवाय त्यासाठी स्वतःच्या हक्काचे छत आणि स्वतःच्या नावाची वीजजोडणी लागते.

पटलाला मिळते ते खिडकीला का नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण मोजमापात आहे. सौर पटलाची क्षमता त्याच्यावर लिहिलेली असते आणि त्याने दिलेली वीज मीटरवर मोजता येते. खिडकीने किती वीज वाचवली हे तिची दिशा, बाहेरचे झाड, घरात वातानुकूलन यंत्र आहे की नाही आणि घरातील माणसे ती केव्हा उघडतात, यांवर ठरते. एवढे मोजायला कोणता अधिकारी घरोघर जाणार?

एक हिशेब

समजा, रायपूरच्या टिकरापारा भागात भाड्याच्या दोन खोल्यांत एक विधवा बाई आणि त्यांची सासू राहतात. बाई घरीच शिवणकाम करतात. मशीन पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे, कारण उजेड तेथेच चांगला. दुपारनंतर ती जागा भट्टीसारखी तापते. सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे. उन्हाळ्यात त्यांना चक्कर येते. अशा वेळी एक विक्रेता येतो आणि दुहेरी काचेची नवी खिडकी २४,००० रुपयांत बसवून देतो म्हणतो. “काकू, यावर सरकारी छूट आहे. वीजबिल निम्मे होईल,” असे तो सांगतो. बाईंनी मशीनला मोटर बसवण्यासाठी आणि आजारपणासाठी म्हणून थोडी रक्कम साठवलेली आहे.

खिडकी चार फूट बाय पाच फूट आहे. चौकट वगळून काच दीड चौरस मीटर धरू. उन्हाळ्यातील दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सरासरी ५०० वॅट ऊन पडते असे मानू. त्यातील ८० टक्के आत आले, तर ६०० वॅट झाले. खोलीत रोज तीन तास ६०० वॅटचा हीटर लावून ठेवण्यासारखेच हे आहे. तीन तासांत १.८ युनिट उष्णता आत आली. वातानुकूलन यंत्र एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता बाहेर टाकते. म्हणून ही उष्णता काढायला ०.६ युनिट वीज लागेल. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर ६० युनिट आणि ६ रुपये दराने ३६० रुपये.

विक्रेत्याची खिडकी चांगल्या प्रतीची असेल आणि तिने आत येणारे ऊन निम्मे केले, तर वर्षाला १८० रुपये वाचतील. २४,००० रुपये वसूल व्हायला १३३ वर्षे! काचेतून झिरपणारी हवेची उष्णता या हिशेबात धरली नाही. ती धरली तरी ही वर्षे फार तर शंभराच्या जवळ येतील. सरकारने उद्या अर्धी किंमत अनुदान म्हणून दिली, तरी पन्नास वर्षांपूर्वी पैसे सुटणार नाहीत. आणि येथे तर घर भाड्याचे आहे. खिडकी घरमालकाची होईल, कर्ज बाईंचे.

शिवाय या घरात वातानुकूलन यंत्र नाहीच, कूलर आहे. कूलर ओल्या जाळीतून हवा खेचून ती थंड करतो आणि ती हवा बाहेर पडायला वाट लागते. खिडकी घट्ट बंद ठेवली तर खोलीत दमटपणा साठतो आणि कूलर असून नसल्यासारखा होतो. ज्या खिडकीचा गुण घट्ट बंद होण्यात आहे, ती कूलरच्या घरात फारशी कामाची नाही. थंड देशांत घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दुहेरी काच हवी असते. आपल्याकडचा प्रश्न ऊन आत येऊ न देण्याचा आहे आणि तो बाहेरच सोडवावा लागतो.

बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा लावला तर समजा १,००० रुपये खर्च येईल. त्याने तीन-चतुर्थांश ऊन अडवले, तर यंत्र असलेल्या घरात वर्षाला २७० रुपये वाचतील; चार वर्षांच्या आत खर्च निघेल. यंत्र नसलेल्या घरात रुपयांची बचत दिसणार नाही, पण मशीनजवळची जागा बसण्याजोगी होईल आणि सासूबाईंना दुपारी त्या खोलीत आडवे होता येईल. पडद्याखालून हवा खेळती राहते, म्हणून कूलरही चालतो. घर बदलले तर पडदा गुंडाळून सोबत नेता येतो. पूर्वी वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडत. कूलरच्या जाळीतला वाळा हा तिचाच वंशज आहे.

हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडेल असे नाही. रस्त्याकाठच्या घराला आवाज आणि धूळ नको असेल, किंवा काचेच्या भिंती असलेल्या कार्यालयात दिवसभर यंत्रे चालत असतील, तर चांगली खिडकी घेण्यात शहाणपण असू शकते. जुनी चौकट कुजली असेल आणि खिडकी बदलायचीच असेल, तर अधिक चांगल्या काचेसाठी लागणारा केवळ वाढीव खर्च हिशेबात घ्यावा.

पत्रक वाचताना

अशा वेळी विक्रेत्याला काय विचारावे? सूट कोण देते, हे आधी विचारावे : केंद्र, राज्य, महानगरपालिका की दुकान? योजनेचे पूर्ण नाव आणि आदेशाची तारीख लिहून मागावी. ज्याला नाव सांगता येत नाही, त्याच्याजवळ बहुधा योजनाही नसते. मग ती कोणाला मिळते, घरमालकाला की भाडेकरूलाही, कर भरणाऱ्यालाच की सर्वांना, हे पाहावे. रक्कम आधी मिळणार की नंतर, हे स्पष्ट करून घ्यावे.

आणि योजना आज चालू आहे का? छत्तीसगडमधील घरगुती वीजबिलाची सवलत हे याचे चांगले उदाहरण आहे. २०१९मध्ये सुरू झालेल्या ‘हाफ बिजली बिल’ योजनेत ४०० युनिटांपर्यंतच्या वापराचे बिल निम्मे होत असे. ऑगस्ट २०२५मध्ये ही मर्यादा १०० युनिटांवर आणली गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती २०० युनिट करण्यात आली. एका वर्षात दोनदा बदल! जुलैतील बिल पाहून सप्टेंबरचा अंदाज बांधणारे कुटुंब फसले असणार. अशा मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या घरात महिन्याला वाचलेली पंधरा-वीस युनिटेही मोलाची ठरतात, कारण ती ओलांडल्यावर बिलाचे गणितच बदलते. अशी युनिटे वाचवायला सावली पुरते.

शब्दार्थ

वजावट – कर ठरवण्यापूर्वी उत्पन्नातून कमी केली जाणारी रक्कम. अनुदान – शासनाने दिलेले आर्थिक साहाय्य. परतावा – आधी भरलेली रक्कम परत मिळणे. मिळकतकर – घर, जमीन यांवर स्थानिक संस्था आकारते तो कर. छज्जा – खिडकीवरील बाहेर आलेला आडवा पत्रा किंवा स्लॅब. वाळा – सुगंधी मुळे असलेले गवत, खस.

स्वाध्याय

१. ‘वजावट’ आणि ‘थेट करसूट’ यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. पाठातील शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विक्रेत्याला काय उत्तर दिले असेल? त्या दोघांतील संवाद आठ-दहा वाक्यांत लिहा.

३. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सौर पटलांच्या अनुदानाचा लाभ घेणे अवघड का जाते?

४. घरातील एका खिडकीवर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन किती येते याची आठवडाभर नोंद ठेवा. त्याच काळातील वीजमीटरचे आकडेही शेजारी लिहा आणि दोन्ही नोंदी अभ्यासकेंद्रात घेऊन या.